टबातली विहीण

शोइराने मातलूबाला फोन केला तो गरज पडली म्हणून, लाज वाटली म्हणून नव्हे. तिच्या मुलाचं लग्न उद्यावर आलं होतं आणि नवा टब गळत होता. दोन मिस्त्री येऊन गेले, दोघांनी टब आणि भिंत यांच्यातली फट भरली, आणि दोन्ही वेळा ती आठवड्याभरात उकलली. खालच्या मजल्यावरचा म्हातारा कर्नल तीनदा वर येऊन तणतणून गेला होता. ताश्कंदच्या त्या मोहल्ल्यात टबाची शिवण एकदा भरली की कायमची, असं काम फक्त मातलूबाचंच होतं, हे शोइराला चांगलं ठाऊक होतं.

"मातलूबा-ओपा, तुमच्याशिवाय कोण आहे मला?" 'ओपा' म्हणजे थोरली बहीण; फोनवर नुसता मध.

मातलूबा मनात म्हणाली, आत्ता गं बाई! चार वर्षांपूर्वी कुठे होता हा मध?

चार वर्षांपूर्वी तिच्या हुल्कारचा या शोइराच्या मुलाशी साखरपुडा झाला होता. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी नान मोडलं, तुकडे वाटले, म्हणजे शब्द पक्का. आणि महिन्याभरात शोइराने सगळ्या भेटवस्तू शेजारणीच्या हाती परत पाठवल्या. वर चाळीस बायकांच्या बैठकीत हसत हसत म्हणाली, "जिच्या आईच्या नखांत लोकांच्या न्हाणीघरातला मळ, तिच्या हातचं माझ्या घरात कोण जेवणार?" चाळीस बायका! त्यातल्या एकीनेही चहाची वाटी खाली ठेवली नाही. त्या दिवसापासून हुल्कार कुणाच्या लग्नाला गेली नव्हती.

मातलूबाने हत्यारांची पिशवी उचलली ती एकच गोष्ट मनात धरून. ते शब्द शोइराच्या तोंडून, शोइराच्याच नव्या विहिणीसमोर वदवून घ्यायचे. नवरीकडच्या बायका आज दुपारी नवदांपत्याची खोली सजवायला येणार, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं.

दारातच शोइराने चहा आणि गरम नान पुढे केलं. "आधी दोन घास घ्या हो."

"नको," मातलूबा म्हणाली. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, आणि आज तिला जागायचं नव्हतं.

टब पाहिला आणि तिला हसूच आलं. दिसायला दुधासारखा पांढरा, पण इतका पातळ की कडेवर तळवा टेकला तरी खाली दबत होता. तिने कटर घातला आणि आधीच्यांनी भरलेलं सिलिकॉन पट्टीसारखं ओढून काढलं. खालून काळं पडलेलं होतं.

"गाढवांनी टब रिकामा असतानाच फट भरली," ती म्हणाली. "टबात पाणी भरलं की तो खाली बसतो, फट मोठी होते, शिवण फाटते. आधी टब भरायचा, तो पुरता खाली बसला की मग फट बुजवायची, आणि सुकेपर्यंत भार हलवायचा नाही."

"पण पाणी तर संध्याकाळपर्यंत बंद आहे!"

"मग तुम्ही बसा."

"मी?"

"नव्वद किलो तरी भार हवा. तुम्ही सहज भराल."

शोइराने ओठ चावला. "बाहेर पुलावाच्या तांदळाची पोती आहेत ना."

"पोतं कलंडतं. अंगाचा भार तो अंगाचा," मातलूबाने ठोकून दिलं. पोत्यांनी काम झालं असतं, चांगलं झालं असतं. पण पोत्यांनी तिच्या मुलीला काय केलं होतं?

जांभळ्या मखमली झग्यात, सोन्याच्या बांगड्यांसकट, शोइरा टबात बसली. मातलूबाने भिंतीकडची लांब बाजू भरली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात गुळगुळीत केली, वरचं जास्तीचं पात्याने कापलं. खोलीभर सिलिकॉनचा शिरक्यासारखा आंबट वास पसरला.

"किती वेळ?"

"तीन तास. हललात तर सगळं मुसळ केरात."

अर्ध्या तासात बेल वाजली. नवरीची आई ओगिलोय आणि तिच्या चार जावा-नणंदा, हातांत पडदे, गाद्या, उशा. शोइराच्या पुतणीने दार उघडलं आणि "काकू न्हाणीघरात आहे" म्हणून सांगितलं. पाहुण्या सरळ आतच आल्या, आणि टबात बसलेली विहीण बघून त्यांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं तोंडाला लावली.

"अगंबाई, विहीणबाई, कोरडी आंघोळ?" एक नणंद म्हणाली, आणि हशा पिकला.

"तुमच्या लेकीसाठीच हो सगळं!" शोइरा कशीबशी हसली. "ह्या आमच्या मातलूबा-ओपा. यांच्या हातात जादू आहे."

"शोइराखान, आपली ओळख कुठली तेही सांगा ना," मातलूबा गुडघ्यांवरून उठत, मुद्दाम मानाचं 'खान' लावून म्हणाली.

"जुनी... मोहल्ल्यातली."

"आणि या हातांबद्दल काय म्हणाला होतात?"

शोइराचा चेहरा पडला. "आत्ता नको ना, ओपा."

"नळाकडची बाजू अजून उघडी आहे," मातलूबाने सिलिकॉनची नळी पिशवीत टाकली. "मी निघते. संध्याकाळी पाणी येईल, उद्या पाहुणे न्हातील, मग कर्नलसाहेब आहेत आणि तू आहेस. नाहीतर बोल. चाळीस बायकांत बोललीस, या तर पाचच आहेत."

शोइरा बोलली. आधी पुटपुटली, मातलूबा म्हणाली, "ऐकू येत नाही." मग मोठ्याने बोलली. नखं, मळ, न्हाणीघर, सगळं. हसणं कधीच थांबलं होतं. मातलूबाला ते शब्द कानात थंड सरबतासारखे गोड लागले. चार वर्षांची तहान होती.

ओगिलोयने हातातला पडदा खाली ठेवला. "हे नान मोडायच्या आधी की नंतर?"

"नंतर," मातलूबा म्हणाली.

"नंतर," शोइराही म्हणाली, कारण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

ओगिलोय मातलूबाकडे वळली. तिने विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"माझी सुटली. तुमच्या लेकीचं तुम्ही बघा."

ओगिलोयने जावांना खूण केली. पडदे, गाद्या, उशा, जशा आल्या तशा निघाल्या. "विहीणबाई! अहो विहीणबाई!" शोइरा अर्धवट उठली. मातलूबाने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. "शिवण ओली आहे."

जिन्यातून एका बाईचा रडवेला आवाज आला, "आता पोरीला काय सांगायचं गं?"

मातलूबा जागच्या जागी थांबली. त्या पोरीने तिचं काय घोडं मारलं होतं? हाच प्रश्न घेऊन तीही आपल्या दारात उभी राहिली होती, आणि हुल्कारला काहीच सांगू शकली नव्हती. शोइराला शिव्या घातल्या, भांडी आपटली, पण पोरीला जे सांगायला हवं होतं ते चार वर्षांत सांगितलं नव्हतं.

ती धावत जिन्यात गेली आणि कठड्यावरून ओरडली, "ओगिलोयखान! सुटलीस म्हणावं! आजच्या आज सांगा तिला, सुटलीस म्हणावं! रडू देऊ नका!"

ती परत आली, नळाकडची बाजू भरली, बोट फिरवलं, वरून प्लास्टिकची पांढरी पट्टी बसवली, तिचा कोपरा पंचेचाळीस अंशांत कापला. काम चोख केलं. मातलूबाचं काम होतं ते.

शोइराच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं. "मी उठू का?" तिने विचारलं.

"अजून तीन तास," मातलूबा म्हणाली, आणि हात पुसून तिने हुल्कारला फोन लावला.