चाळीस जागी सहा मिलिमीटर

'पोलादी पत्रा चाळीस ठिकाणी मोजला असता सर्वत्र सहा मिलिमीटर आढळला. बूड निर्धोक असून शिडाची ही नौका समुद्रप्रवासास योग्य आहे.' खाली सही यज्ञेश्वरांची. कारखान्यात तीस वर्षे टाक्या तपासून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या नवऱ्याची सही, म्हणून प्रियदर्शनीबाईंनी हा अहवाल दोन वर्षे उघडलाही नव्हता.

आज उघडला. लोणी काळभोरच्या भाड्याच्या जागेत ओंडक्यांवर टेकवलेल्या त्या नौकेच्या बुडातून सकाळी वेल्डर गेनबाचा हातोडा आरपार गेला होता.

"ठिगळ मारू म्हणता बाई, पर कशाला मारू? जोड धराया पत्रा तर पायजे."

"कडेला धरेल ना?"

"कड न्हाई, पापड हाय. त्योबी भाजलेला."

दोन वर्षांचे रविवार बाईंनी गंज खरवडण्यात घातले होते, वर रंगाचे तीन हात दिले होते. सगळे बाहेरून. पाणी आत, नौकेला वजन यावे म्हणून तळाशी ओतलेल्या सिमेंटखाली साचून पोलाद खात होते. धातुशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईंना ठाऊक होते की गंज इतक्या शिस्तीने चरत नाही. प्रयोगवहीत आकडे जुळवणारी पहिल्या वर्षाची मुलेसुद्धा दशांशात थोडी विविधता पेरतात. अहवालाने तेवढाही शिष्टाचार पाळला नव्हता. अशा शेकडो वह्या त्यांनी 'पुन्हा करा' असा लाल शेरा मारून परत केल्या होत्या.

यज्ञेश्वर रंगाच्या डब्यावर बसून होते.

"अहो, चाळीस जागी सहा?"

"यंत्र जुनं होतं."

"जुनं यंत्र चुकतं. चाळीस वेळा एकच चूक करत नाही."

"तोंडी परीक्षा आहे का?"

"लेखी झाली. नापास झालात."

गेनबा हातोडा पुसत लांब जाऊन उभा राहिला. बाईंना रागावण्याइतकेही त्राण उरले नव्हते. गुरुवारी विश्रांतवाडीचे घर एका संगणकवाल्या जोडप्याच्या नावे होणार होते. त्यानंतर दोघांना राहायला ही नौकाच होती.

"गुरुवारच्या कागदांवर माझीही सही लागते," त्या म्हणाल्या. "म्हणून एकदाच विचारते. विकत घेण्याआधी आत उतरून पाहिलं होतंत?"

यज्ञेश्वरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"मी आत उतरलोच नाही. झाकण उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं होतं. उतरलो असतो, तर घेता आली नसती."