तीन फाट्यांचं भोक

टेबलावर पाच बाण होते, पाच सरावाची टोकं, तीन शिकारीची पाती, दोन एलन की, मेणाची एक कांडी आणि एक पोलादी पट्टी. बाणांच्या पेटीला खाचा मात्र सहा होत्या. सिल्वीने पहिल्या बाणावर सरावाचं टोक फिरवून बसवलं, बाण दोरीच्या फासाशी अडकवला आणि धनुष्य उचललं. दोन मीटरवर लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचं पान ताणून लावलं होतं, त्यामागे फोमचा ठोकळा. तिने दोरी गालापर्यंत ओढली. धनुष्याच्या टोकांवरची दोन्ही चाकं फिरून थांबली. मनगटाला बांधलेली कळ तिने हळूच दाबली.

बाण कागदातून आरपार गेला. कागदावर टोकाचं भोक होतं आणि त्याच्या वर, पिसं जिथून गेली तिथपर्यंत, कागद फाटला होता.

"शेपूट वर. पाऊण इंच," ती म्हणाली.

"पट्टी न लावता सांगतेस? तब्येत बरी आहे ना?" वाइनो काका शेगडीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. ते तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शिकारीची ही खोपी त्यांनीच बांधली होती, आणि गेली चाळीस वर्षं इथला शब्दही त्यांचाच चालत होता.

तिने पट्टी लावली. पाऊण इंचच होतं.

सुटलेला बाण सरळ जात असेल तर टोक आणि पिसं एकाच भोकातून जातात; तिरका असेल तर कागद तिरकेपणाच्या दिशेने फाटतो. सिल्वीने दोरीवरचा फास दीड मिलिमीटर खाली सरकवला आणि पुन्हा बाण मारला. फाट पाव इंचावर आली. आणखी एकदा सरकवला. तिसऱ्या कागदावर एकच नेटकं भोक होतं.

"झालं की! उगाच अकरा महिने तोंड पाडून बसलीस," दारातून वेस म्हणाला. वेस काकांचा मुलगा. हातात पीठ लागलेलं लाटणं. सलगम घातलेल्या मांसाच्या पेस्ट्या भाजण्याचं काम गेले दोन हंगाम त्याच्याकडेच होतं, आणि त्याचं कारण भिंतीवर होतं.

खोपीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर कागदी बशा खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. प्रत्येक बशीवर नाव, साल, अंतर. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या सकाळी प्रत्येकाने एकच बाण मारायचा. दिवसातला पहिला, हात गरम न करता, शिकारीचं पातं लावून. हरीण दुसरी संधी देत नाही, म्हणून बशीही देत नाही. अंतर ज्याचं त्याने सांगायचं. बाण बशीत लागला की हंगामभर तेवढ्या अंतरापर्यंतच्या हरणावर बाण सोडायची मुभा, त्यापुढे नाही. बशीबाहेर गेला की मचाण सोडून चूल सांभाळायची. वेसची बशी दोन वर्षं कोरी राहिली होती.

सिल्वीची गेल्या वर्षीची बशी तिसऱ्या ओळीत होती. तीस यार्ड. सकाळपासून तिने त्या बाजूला पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी तीस यार्डांवरच तिने एका नर हरणावर बाण सोडला होता. नेम खांद्यामागे धरला होता; बाण पाच इंच डावीकडे, पोटात लागला. दीड दिवस ती आणि काका रक्ताचे थेंब शोधत सीडर झाडांच्या दलदलीत फिरले. शेवटचे काही तास काका गुडघ्यांवर रांगत होते. मग पावसाने माग धुऊन नेला; हरीण सापडलंच नाही. पेटीतली सहावी खाच तेव्हापासून रिकामी होती.

"कागद काय, दोन मीटरवर कोणाचेही लाड करतो," ती वेसला म्हणाली. "खरं ते बाहेर कळेल. टोक आणि पातं एका जागी लागली नाहीत तर मी उद्या बशी लावणार नाही."

"म्हणजे चुलीला जोडीदार. देवा, हिचा बाण चुकू दे रे!"

"पेस्ट्या जळतायत," काका म्हणाले, आणि वेस पळाला.

बाहेर तळ्यावरून गार वारा येत होता, पण झाडांच्या आड हवा शांत होती. वीस यार्डांवर तिने ठोकळा ठेवला आणि दोन बाण टोकांनी, तीन पात्यांनी मारले. टोकं एकमेकांना चिकटून लागली. पाती चार इंच डावीकडे. तिने धनुष्यावरची बाणाची टेकण केसभर उजवीकडे सरकवली, वही काढून आकडा लिहिला. पुन्हा पाच बाण. पाती एक इंच डावीकडे. पुन्हा पाच. काही न बदलता पाती पाच इंच डावीकडे.

तिने टेकण पुन्हा सरकवली. मग पुन्हा. वहीत आकड्यांची रांग वाढत गेली.

काका काठी टेकत तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"तुझ्या नोकरीत, पाणी तपासायच्या प्लांटवर, तू काय करतेस गं? एखादं यंत्र रोज एकाच बाजूला चुकत असेल तर?"

"यंत्र नीट करते."

"आणि रोज वेगळं चुकत असेल तर?"

तिने वहीकडे पाहिलं. चार, एक, पाच, दोन, पाच. "तर नमुना कोण घेतंय ते बघते," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग टेकणीला कशाला छळतेस? हात बघ स्वतःचा."

तिने डावा हात पाहिला. धनुष्याची मूठ तिने इतकी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाण सुटताना मूठ पिळली जात होती. टोकाच्या बाणाला त्याचं काही वाटत नाही. पात्याला वारा लागतो, ते त्या पिळाबरोबर वळतं.

"सोड. पडणार नाही ते. पडलंच तर मी उचलीन, वाकता आलं तर."

तिने बोटं उघडली. धनुष्य अंगठ्याच्या बुंध्यावर टेकलं. पहिल्या बाणाला बोटं आपोआप मिटली. दुसऱ्यालाही. सातव्या बाणाला मिटली नाहीत. संध्याकाळ होईपर्यंत तिने टेकण मूळ खुणेपासून एकदाच, केसभर सरकवली. वीस यार्डांवर टोकं आणि पाती एका इंचात आली. पंचवीसवर दोन इंचांत. तीसवर चार.

ती ठोकळ्यातून पाती काढत होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "काका, गेल्या वर्षीची बशी मी सरावाच्या टोकाने मारली होती."

काकांनी काढलेलं एक पातं हातात घेऊन धार पाहिली.

"पाती नवीन होती. ठोकळ्यात मारली की धार जाते. वजन दोन्हींचं सारखं, शंभर ग्रेन. वाटलं, वजन सारखं तर उडणंही सारखं. हिशोब केला होता मी."

"माहितीये."

तिने मान वर केली.

"पात्याचं भोक तीन फाट्यांचं असतं गं. भिंतीवर बघ. वेसच्या कोऱ्या सोडल्या तर सगळ्या बशांना तीन फाटे. तुझ्या एकटीच्या बशीला गोल भोक." काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "खिळा ठोकताना दिसलं होतं मला. तुझा बाप गेल्यावरचा पहिला हंगाम होता तुझा. म्हटलं, जाऊ दे, पोरीचा नेम चुकत नाही. ठोकला खिळा. तेव्हा बोललो असतो तर तू तीसवर बाण सोडला नसतास. दलदलीत मी काय नुसता तुझ्यासाठी रांगत होतो?"

वारा झाडांच्या शेंड्यांवरून गेला. सिल्वीने पातं फडक्यात गुंडाळलं, मग काकांचा कोपर धरला. ते तिच्या आधाराने खोपीपर्यंत आले. आत गेल्यावर तिने तिसऱ्या ओळीतला खिळा पकडीने उपटला आणि बशी शेगडीत टाकली. वेस पेस्टीचा घास तोंडात धरून पाहत राहिला. या भिंतीवरून कधी कोणी बशी काढली नव्हती.

"अगं ए, नियमात बसतं का हे?"

"आजपासून बसतं," काका म्हणाले. "तू खा."

सकाळी गवतावर दहिवर होतं. वेसने स्वतःची यंदाचीही कोरी बशी उतरवली, ठोकळ्यावर नवी लावली आणि बाजूला झाला.

"किती?" काकांनी विचारलं.

"बावीस."

"तीस म्हण गं, मला सोबत होईल," वेस म्हणाला.

"बावीस," तिने पुन्हा सांगितलं.

तिने पावलं मोजली नाहीत, फीत लावली. परत येऊन उभी राहिली. बाण अडकवला. दोरी ओढली. डाव्या हाताची बोटं उघडी होती. कळ दाबली तेव्हाही ती उघडीच राहिली.

बाण लागल्याचा आवाज आला.

ती बशी घेऊन आली. दरवर्षी माप काका घेत आणि लिहीत. या वेळी त्यांनी पट्टी आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. तिने बशी टेबलावर ठेवली, पट्टी लावली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि नावाखाली लिहिलं: भोक तीन फाट्यांचं. मध्यापासून डावीकडे सात अष्टमांश इंच. अंतर बावीस यार्ड.