वाळलं की पांढरं होतं

चुन्यात नीळ घालायची असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कराडला दिवाळीआधी घराला चुना लागायचा, तेव्हा बादली ढवळायचं काम माझंच असे. त्यामुळे आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या आमच्या दगडी कॉटेजला चुना द्यायची वेळ आली, तेव्हा मी रेनकोटच्या बाह्या सरसावल्या.

घर नोराआजींचं. तीन खोल्या, जाडजूड भिंती, मधोमध शेकोटी. त्यांचा जन्मही इथलाच. पाडून बंगला बांधू म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी हाकलून लावलं आणि 'पाडणार नाही' एवढ्या आमच्या शब्दावर घर आम्हाला दिलं. पुढच्या दाराची किल्ली हातात ठेवली; मागच्या दाराची हरवली म्हणाल्या. मग गावात लेकीकडे राहायला गेल्या त्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. फोनवर मात्र एकच प्रश्न, "माझं घर आहे ना जागेवर?"

भिंतींना ओल होती. माझा नवरा शैलेंद्र कारखान्यात इंजिनिअर, त्याने पुण्याच्या सवयीने तिथल्या तिथे निदान केलं, "वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारू."

"खबरदार!" मी म्हटलं आणि त्याला चुनाकामाच्या वीकेंड कोर्सला ओढून नेलं. तिथे कळलं, की नोराआजींच्या यजमानांनी हौसेने थापलेलं सिमेंटच भिंतींचं नाक दाबून बसलं होतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आम्ही ते सगळं सोलून काढलं, भिंती वाळू दिल्या, चुन्याचा गिलावा केला. राहिला शेवटचा हात.

आणि तिथे मी माती खाल्ली. शनिवारी नोराआजी पहिल्यांदाच घर बघायला येणार होत्या, म्हणून मला ते झगझगीत पांढरं हवं होतं. इथलं आभाळ सदा मळकट, त्याखाली पांढरंही पिवळट दिसतं. म्हणून निळीची चिमूट टाकली, मग चमचा, मग अख्खी पुडी.

"वृंदा, हे निळं दिसतंय हं," शैलेंद्र म्हणाला.

"ओलं आहे. वाळलं की पांढरं होतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

शुक्रवारी सकाळी घर वाळलं होतं आणि आकाशी होतं. आमची लेक श्रावणी अंगणात उभी राहून म्हणाली, "आई, इट्स व्हेरी ब्लू." शैलेंद्रने निळीची रिकामी पुडी उचलून केरात टाकली, त्याचाच मला जास्त राग आला. पुन्हा हात द्यावा तर दिवसभर पाऊस.

शनिवारी नोराआजी काठी टेकत फाटकातून आल्या. घराकडे बघत राहिल्या. मला रडूच फुटायचं बाकी होतं. या बाईने विश्वासाने घर दिलं आणि मी त्याची ही दशा केली!

"सॉरी," मी म्हटलं. "नीळ जास्त पडली. पाऊस थांबला की पांढरं करते, नक्की करते."

त्या आत गेल्या, थेट मागच्या खोलीत. तिथल्या कोपऱ्यात पूर्वी त्यांची खाट असायची. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग दुसरा ठेवला. मग चक्क गाल टेकवला.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने ते सिमेंट लावल्यापासून ही भिंत कधी कोरडी नव्हती. मी भिंतीकडे पाठ करून झोपायचे."

मी चहा टाकला. नोराआजी शेकोटीपाशी बसल्या, कप संपवला, बिस्किटं संपवली. मग पर्स उघडून बराच वेळ चाचपत राहिल्या आणि एक जुनी लोखंडी किल्ली टेबलावर ठेवली.

"मागच्या दाराची. सापडली."

पर्सच्या आतल्या कप्प्यात ती नीट रुमालात बांधलेली होती, हे आम्ही तिघांनीही पाहिलं. मला मात्र आता खरंच रडू आलं.

"रडतेस काय? घर ग्रँड आहे," नोराआजी म्हणाल्या. "किल्ली तुझ्याकडेच ठेव. आणि ती नीळ कुलपात ठेव."