कळा थांबल्यावर

माझी बायको बाळंतपणात गेली. तिच्या आईला मी एवढंच सांगितलं, की रक्तस्राव झाला. बाकीचं मला एकट्याला माहीत होतं.

पहिल्या मुलीच्या वेळी तिचं सिझर झालं होतं. दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्याबरोबर आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दुपारी पोटात काहीतरी चिरल्यासारखं झालं म्हणून ती ओरडली, आणि मग कळाच थांबल्या. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मांडीवर डोकं ठेवून ती पडली. नर्स तपासायला आली, तर आईंनी तिला परत पाठवलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय बिचारीचा. जरा वेळाने या."

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भपिशवी फाटली होती, कळा थांबल्या त्या त्यामुळेच. ती झोपली नव्हती. आतल्या आत रक्त जात होतं. बाळही गेलं.

तेव्हापासून आई माझ्याकडेच आहेत, मुलीला सांभाळायला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "गेली, पण माझ्या मांडीवर शांत झोपून गेली हो." मी मान हलवतो. त्यांच्याजवळ तेवढंच आहे, ते कशाला काढून घ्या.

माझी लॉन्ड्री आहे, मागेच घर. मशीन घरघरत असली की मला बरं असतं. सगळी बंद झाली की घर एकदम गप्प होतं, आणि कोणीतरी आत पडलंय, असं वाटत राहतं. मग मी उठून बघतो. मुलगी झोपली असली तर तिला हलवतो. ती वैतागते. "बाबा, काय हो! जिवंत आहे मी."

यंदा धाकटी मेहुणी बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिचंही पहिलं सिझर. याही वेळी ऑपरेशनच करायचं ठरलं होतं, पण तारखेला अजून अवकाश होता. दिवसभर ती काउंटरपाशी बसून बडबडायची.

"भाऊजी, बाळ झालं की माझ्या पोटावरून एकदा इस्त्री फिरवा. सुरकुती राहता कामा नये."

"आधी हॉटेलच्या चादरी. नंबर लाव."

एका सकाळी तिला अवेळीच कळा सुरू झाल्या. साडूला फोन केला, तो गाडी घेऊन निघाला. मी चादरींना इस्त्री करत होतो. आतून एक किंकाळी आली, आणि मग काहीच नाही. मी इस्त्री तशीच टाकून आत गेलो.

ती पांढरीफटक पडली होती. "थांबल्या, भाऊजी. बरं वाटतंय. खांदा तेवढा दुखतोय."

आई तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. "खोट्या कळा होत्या. ते मशीन बंद करा बघू, तिला पडू दे."

"आई, हिला आत्ताच्या आत्ता न्यायचं."

"येतोय की तिचा नवरा! सगळं चांगलं चाललंय, त्यात अभद्र बोलू नका, जावईबापू. तुम्हाला आताशा सगळीकडे भूतच दिसतं."

त्या जागच्या हलेनात.

"आई, तिच्याही अशाच थांबल्या होत्या."

"ती झोपली होती."

"झोपली नव्हती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कपाळावरचा हात त्यांनी चटका बसल्यासारखा उचलला. मग त्याच हाताने धाकटीच्या गालावर चापट मारली. "ऊठ गं. झोपायचं नाही. ऊठ!"

गाठोड्यांच्या टेम्पोत घालून आम्ही तिला नेलं. वाटभर मागून आईंचा आवाज येत होता. "बोल माझ्याशी. शिव्या दे हवं तर."

"चिमटे नको काढूस गं, आई..."

जुना व्रण उसवला होता. डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं, पिशवी शिवली. मायलेक दोघंही वाचली. साडू माझा हात सोडेना. मी आईंकडे बघत होतो. त्या बाकावर सरळ बसल्या होत्या, रडल्याही नाहीत.

संध्याकाळी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते झोपलं की त्या त्याच्या तळव्याला टिचकी मारायच्या. ते रडायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा टिचकी. नर्स आली ती हे बघून हसली.

"आजी, झोपू द्या की त्याला. मी मग येते."

आईंनी तिचा पदर धरावा तसा तिचा कोट मुठीत धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच बघा. परत जाऊ नका."