आपल्या माणसांची ओळ

मंगळवार म्हणजे फवारणी, मग टोमॅटोवर करपा रोग असो वा नसो. शेजारच्या मळ्यात पंप सुरू झाला की या घरातही बादली बाहेर यायचीच. औषध कालवायचं काम सुनेचं. पुरुषांच्या पाठीवर पंप, मग बायकांनी एवढंही करू नये? सासू या घरात नवी होती तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं.

त्या दिवशी माहेरी आलेली नणंद परत निघाली. तिची पिशवी टोमॅटोंनी भरत सासू म्हणाली, "विहिरीकडच्या ओळीतलेच घातलेत हं. आपल्या माणसांची ओळ ती."

त्या ओळीवर औषध कधी पडत नसे. सून तिथली जमिनीला टेकणारी पानं खुडायची, पाणी बुंध्याशीच सोडायची, डागाळलेलं पान दिसलं की लांब नेऊन पुरायची. औषधाविनाच ती ओळ हिरवीगार होती. सगळ्यांना ते दिसत होतं, तरी बाकीच्या मळ्याचा मंगळवार चुकत नव्हता.

नणंद गेली. सासूने औषधाच्या भुकटीचं पाकीट सुनेपुढे सरकवलं.

"आई, आज मी नाही कालवणार."

"का हो राणीसाहेब? मेंदी सुकायची आहे का?"

"पोटात बाळ आहे. ते आपलं माणूस नाही का?"

नवरा पंपाचे पट्टे चाचपत राहिला. सासरे खेकसले, "आणि करपा आला म्हणजे?"

"आला तर पानावर दिसेल. दिसेल तिथंच मारू. विहिरीकडच्या ओळीसारखी सगळ्या मळ्याची निगा राखू. रोज सकाळी पानं मी बघेन."

"मोठी आली शिकवणारी! अगं, तूच कालव," ते बायकोला म्हणाले.

सासू बाह्या मागे सारून बादलीपाशी बसली. वर्षानुवर्षं औषध कालवून तिच्या बोटांच्या कडा कायमच्या चिरलेल्या होत्या. सुनेच्या नकाराने फक्त हात बदलले होते.

सुनेने बादलीवर झाकण घातलं आणि ती त्यावर बसली.

"ऊठ," सासरे म्हणाले.

"नाही. आई, तुम्हीसुद्धा आपलंच माणूस. आणि बाजारातून टोमॅटो नेतात तेही कुणाचे तरी आपलेच."

सासूचा हात पाकिटावर थबकला. तिने ते उघडलं नाही, पण खालीही ठेवलं नाही. कुंपणापलीकडून शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याबरोबर अंगणात शिरला. सुनेने ओढणीचं एक टोक नाकाशी धरलं, दुसरं सासूपुढे केलं, आणि ती जागची हलली नाही.