अधांतरी केक

काकूचा पहिला केक आम्ही चमच्याने बाहेर काढला आणि दुसरा उलथन्याने. पहिल्याचा चुरा इतका निघाला, की खिडकीशी येणाऱ्या चिमण्या आठवडाभर उडायच्या बंद झाल्या. पोटं सावरत चालत यायच्या आणि चालतच जायच्या. एक तर जिन्याने आली. मी काका-काकूंचा पुतण्या, वरच्याच मजल्यावर राहतो. मला ती वाटेत भेटली.

चव मात्र अशी, की तो चुरा तोंडात असेपर्यंत माणसाला भांडण सुचू नये. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने बशी निपटून बोट चाटलं आणि म्हणाली, "वहिनी, चवीला पैकीच्या पैकी. पण काचेच्या कपाटात मी चुरा मांडू का? अख्खा आणा, वरचा खण तुमचा. शनिवारी चारपर्यंत वाट बघते. मग मात्र मास्तरीणबाईंची बिस्किटं लावते. डबा येऊन पडलाय त्यांचा."

काकूने आयुष्यात कशाचा हट्ट धरला नव्हता. तीस वर्षं शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवले, ते लोकांच्या अंगावर निघून गेले. रस्त्यात बोट दाखवून 'हे मी केलंय' म्हणावं, असं काही तिच्याकडे नव्हतं. आता तो वरचा खण तिला हवा होता. भाजी आणायला गेली की ती त्या काचेपुढे थांबायची, चष्मा पुसायची आणि रिकामा खण पुन्हा एकदा बघून घ्यायची.

घरात ओव्हन नव्हता. होता तो मुलीने पाठवलेला विजेचा कुकर. बादलीहून बुटका, तोंड जेमतेम वीतभर. तळाशी पाणी, पाण्यात तिवई, तिवईवर केकचा डबा. हा डबा काकांनी आणला होता आणि तिथेच घोडं अडलं.

काकांनी बंदरावर सदतीस वर्षं क्रेन चालवली. जहाजाच्या पोटात माल असा ठासून भरायचा, की मध्ये बोट शिरता कामा नये, नाहीतर वादळात माल हलतो, ही त्यांची शिकवण. त्यांनी कुकरचं माप घेतलं, सहा दुकानं पालथी घातली आणि बरोबर त्याच घेराचा डबा आणला. "बघ, बोट जाणार नाही," म्हणाले. नाहीच गेलं. चिमटाही गेला नाही. वादळाने सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं झालं असतं, तरी तो केक जागचा हलला नसता. तो एरवीही हलत नव्हता.

म्हणून पहिला केक कुकरातच खणावा लागला. दुसऱ्या वेळी काकांनी गरम कुकरच ताटावर पालथा केला. काकू म्हणत होती, "अहो, जरा निवू तरी द्या."

"निवू द्या? अगं, माल तयार झाल्यावर जहाजात ठेवून बसतं का कुणी? मागे तीन जहाजं रांगेत उभी असतात!"

आमच्या ओट्यामागे एकही जहाज रांगेत नव्हतं, पण काकांना ती दिसायची. केक बाहेर आला खरा. थोडा ताटात आला, थोडा उलथन्यावर आणि उरलेला काकांच्या शर्टाच्या खिशात.

शनिवारी काका पहाटेच तयार. जुन्या प्रवासी बॅगेचे दोन पातळ पट्टे कापून त्यांनी उकळून घेतले, डब्याखाली फुलीसारखे घातले आणि चारही टोकं वर काढली. मग मला आणि काकूला ओट्यापुढे उभं केलं.

"खुणा शिका. अंगठा वर म्हणजे उचल. अंगठा खाली म्हणजे उतरव. आडवा हात, तळवा जमिनीकडे, म्हणजे थांब. उचल-उतरव सांगणारा एकच असतो. पण थांब कुणीही दाखवलं तरी थांबायचं, मग तो साहेब असो नाहीतर झाडूवाला. आणि ज्याने थांबवलं त्याने सोडल्याशिवाय माल तसूभर हलवायचा नाही. एकदा धक्क्यावर एका बाईने हात आडवा करून चादर झटकली. माझ्या आकड्याला आगगाडीचं इंजिन! बाई घरी गेली, जेवली, झोपली, तोवर इंजिन हवेत. कबुतरांनी त्यावर घरटं बांधलं, अंडी घातली."

"गेल्या वेळी अंडी नव्हती," काकू म्हणाली.

"तेव्हा घाईत सांगितलं होतं."

काकू ही गोष्ट लग्नापासून ऐकत आली होती. त्या दिवशी बहुतेक पहिल्यांदाच तिने ती कान देऊन ऐकली.

दुपारी पावणेतीनला कुकर वाजला. झाकण काढल्याबरोबर वाफेतून असा वास सुटला, की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या आणि ज्यांच्या भिंतीला खिडकी नव्हती त्यांनी गवंड्याला फोन केला. काकांनी पट्ट्यांची टोकं दोन्ही मुठींत गुंडाळली. काकूने अंगठा वर केला. डबा सुळकन वर आला, ना खरचटला, ना कलंडला.

"याला म्हणतात उचल!" काकांचा चेहरा उजळला. "आण ताट. करतो उलटा."

काकूने हात आडवा केला. तळवा जमिनीकडे.

काका जागच्या जागी थिजले. "हे काय?"

"थांब."

"अगं, पण का?"

"कारण विचारायचं असतं का नियमात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मग निदान ओट्यावर तरी ठेवू दे."

"ठेवलात की उलटा कराल. मी ओळखते तुम्हाला. दोन्ही हात गुंतलेत, तेच बरं आहे." आणि ती चहा टाकायला वळली.

पहिली दहा मिनिटं काका ताठ उभे होते. विसाव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. ती मी लाटण्याच्या टोकाने भागवली. तिसाव्या मिनिटाला दारात शेजारपाजारचे सात जण जमले होते, आणि त्यातला एक खालच्या मजल्यावरून खुर्ची घेऊन आला होता, स्वतःला बसायला.

"हात गेले माझे," काका कण्हले.

"इंजिन धरणारे हात ना?"

"तेव्हा क्रेन होती गं!"

काकूने उंच स्टूल सरकवलं. त्यावर दोन उशा रचल्या. "कोपराखाली उशी चालते का नियमात?"

काकांनी सदतीस वर्षांचा अनुभव मनात चाळला. "चालते," म्हणाले.

घड्याळ सव्वातीन दाखवत होतं. "चार वाजतील!" काका ओरडले. "ती बिस्किटं लावून मोकळी होईल. तुझा खण जाईल, सांगून ठेवतो!"

काकूच्या हातातला कप बशीत वाजला. तिलाही घड्याळ दिसत होतं. तिने डब्याला बोट लावलं, चटकन मागे घेतलं आणि म्हणाली, "फुटका केक नेऊन खण जाण्यापेक्षा न नेता गेलेला बरा. थांब म्हणजे थांब."

साडेतीनला तिने पुन्हा बोट लावलं. मग चष्मा पुसून डब्यात वाकून बघितलं. मीही बघितलं. केकने डब्याची कड आपण होऊन सोडली होती. चारी बाजूंनी बारीक रेघ पडली होती. कुणी खणलं नाही, कुणी ओढलं नाही.

काकूने अंगठा खाली केला. डबा ओट्यावर टेकला आणि त्यापाठोपाठ काका स्टुलावर. तिने डब्यावर ताट पालथं घातलं, दोन्ही मिळून उलटं केलं, वर एक टिचकी मारली आणि डबा उचलला.

केक उभा होता. गोल, तांबूस, एक कपचाही न गेलेला. खुर्चीवाला उठून उभा राहिला.

"मी धरला म्हणून," काका हात चोळत म्हणाले.

"तुम्ही धरलात म्हणूनच," काकू म्हणाली, आणि त्यांच्या तळव्यांवरच्या लाल वळांना तिने लोणी लावलं.

बेकरीत पोचलो तेव्हा चाराला सहा मिनिटं कमी होती. काका पुढे रस्ता मोकळा करत होते. वाटेत त्यांनी दोन सायकली आणि एक मालमोटार थांबवली. बेकरीवालीच्या एका हातात बिस्किटांचा डबा होताच. तिने ताटाभोवती दोन फेऱ्या घातल्या, खाली वाकून बघितलं, वरून बघितलं आणि बिस्किटं खालच्या खणात सरकवली.

"चिठ्ठीवर काय लिहू, वहिनी? लोणी केक? घरगुती केक?"

काकूने चष्मा पुसला. काचेपलीकडे तिचा केक वरच्या खणात बसला होता.

"अख्खा केक, असं लिहा," ती म्हणाली.

बेकरीवालीने तसंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याचे नऊ तुकडे विकले गेले. उरलेल्या तीन तुकड्यांपुढेही चिठ्ठी तीच होती, आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.