पाच शब्दांचा घास

दादाची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकते. सख्खा भाऊ आहे, आईला तोच सांभाळतो, सगळं मान्य. तरी येते.

आईचा विसरभोळेपणा नुसता विसरभोळेपणा नाही, हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाबद्दल नीट समजावलं होतं. मेंदूतल्या पेशींच्या मधे एक चिकट प्रथिन साचत जातं, ते हे औषध उपसून काढतं. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून ते सुरुवातीच्या रुग्णांनाच देतात. आजार पुढे गेला असेल तर फायदा नाहीच, उलट मेंदूत रक्तस्रावाची भीती. आई कुठवर पोचलीय ते बघायला इतर तपासण्यांसोबत एक साधी परीक्षा होती. पाच शब्द ऐकायचे, थोड्या गप्पा मारायच्या, मग तेच शब्द सांगायचे.

पहिल्या खेपेला आईला एकच आठवला. दादा तिथेच बसला होता. "काल रात्री तिची झोप झाली नव्हती," असं गोड बोलून त्याने पुढची तारीख पदरात पाडून घेतली.

दुसऱ्या खेपेला मीही गेले. आईचे केस चापूनचोपून बसवलेले, दादा भलताच खुशीत.

"आज कशा आहात, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खिडकी, सायकल, लिंबू, शाई, कुंपण," आई एका दमात म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला.

दादाचा हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच थिजला. मी तो ओढून बाहेर काढला. बोटांना बिस्किटाचा ओलसर चुरा लागला होता.

"शब्दाला एक तुकडा," तो पुटपुटला. "तिच्यासाठीच घोकून घेतलं ना!"

"पोपट पाळलायस का रे?"

"मग काय, नुसतं बघत बसू?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "नव्या आठवणी जिथे तयार होतात, तो भाग आधी झिजतो. सवयी दुसरीकडे मुरतात, त्या टिकतात. तुम्ही सवय लावलीत."

त्यांनी नवे पाच शब्द सांगितले, गप्पा मारल्या, मग विचारलं. आईने खिडकीपासून कुंपणापर्यंत तेच म्हटलं आणि पुन्हा हात पुढे केला. औषधाचा विषय तिथेच संपला.

"ब्लडप्रेशर सांभाळा, रोज चालवा, माणसांत बसवा," बाई म्हणाल्या. "आणि कानाचं मशीन कुठाय?"

ते ड्रॉवरमध्ये होतं. त्याच्या शिट्टीचा दादाला त्रास होतो. शब्द मात्र तो तिच्या कानाशी ओरडून शिकवत होता.

जिन्यात म्हणतो कसा, "दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. तिथले शब्द काढतो कुठूनतरी." जित्याची खोड! मी आईचा हात धरला आणि तिला सरळ माझ्या घरी आणलं.

ताट वाढलं. आईला कडकडून भूक लागली होती, नजर ताटावरून हलत नव्हती. पण हात मांडीवरच.

"जेव ना, आई."

ती सावरून बसली. "खिडकी, सायकल, लिंबू, शाई..."

पाचवा काही आठवेना. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि ताट हळूच माझ्याकडे परत सरकवलं.